संशोधन प्रयोगशाळेत पहिल्यांदाच जाताय? अर्जापासून निरोपापर्यंतची वाट

तालुक्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींना संशोधन प्रयोगशाळेत काम करायची इच्छा खूप असते, पण तिथे शिरायचं कसं हे सांगणारं कोणी नसतं. पुण्या-मुंबईच्या मोठ्या कॉलेजांत ही माहिती सिनिअरकडून ज्युनिअरकडे आपोआप जाते. बाकीच्यांना ती शोधावी लागते, आणि तोवर अर्जांच्या तारखा निघून गेलेल्या असतात. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करताना प्रकल्पासाठी पुण्यात आले, पुढे तिथेच पीएच.डी.ला लागले, आणि आता दर उन्हाळ्यात नवे विद्यार्थी माझ्या शेजारच्या बाकावर काम शिकायला येतात. त्यांचे प्रश्न दरवर्षी तेच असतात. त्यांची उत्तरं इथे क्रमाने देते.

एक गोष्ट आधीच सांगते. मार्कांमुळे अर्जाकडे लक्ष जातं, हे खरं. पण आत गेल्यावर तुमच्यावर विश्वास बसतो तो तुमच्या नोंदवहीवरून आणि ‘मला हे समजलं नाही, पुन्हा दाखवता का?’ असं वेळेवर विचारण्यावरून. ९० टक्केवाल्यांपेक्षा ६५ टक्केवाली मुलगी प्रयोगशाळेत जास्त उपयोगी ठरलेली मी पाहिली आहे, आणि ती याच दोन सवयींमुळे.

उदाहरणं जीवशास्त्र आणि रसायनशास्त्राची आहेत. भौतिकशास्त्र किंवा गणितवाल्यांनी सुरक्षितता आणि हात बसवण्याचा भाग सोडला तरी बाकीचं त्यांना तसंच लागू पडेल.

१. तुम्ही कोणत्या नात्याने जाणार, हे ठरवा

‘मला लॅबमध्ये काम करायचंय’ एवढं पुरत नाही. प्रत्येक नात्याचे नियम, मुदत आणि कागदपत्रं वेगळी असतात.

उन्हाळी फेलोशिप: साधारण मे ते जुलै या काळात दोन महिने. स्पर्धा असते, विद्यावेतन मिळतं.

एम.एस्सी.चा संशोधन प्रकल्प: नव्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षी असतो. काही कॉलेजं तो बाहेरच्या संस्थेत करू देतात, काही देत नाहीत. तुमच्या विभागप्रमुखांना हे सगळ्यात आधी विचारा. बाहेर जागा मिळाली आणि कॉलेजने नाही म्हटलं, तर तुमच्या नंतर येणाऱ्यांसाठीही ते दार बंद होतं.

ओजेटी (ऑन द जॉब ट्रेनिंग, म्हणजे कामाच्या जागी प्रत्यक्ष प्रशिक्षण): नव्या शैक्षणिक धोरणामुळे राज्यातल्या विद्यापीठांत एम.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी ओजेटी किंवा क्षेत्र प्रकल्प आला आहे. याचा काळ कमी असतो, त्यामुळे एखादं तंत्र शिकण्याची अपेक्षा ठेवा. संशोधनाचा निकाल हाती यायला हा वेळ पुरत नाही.

इन्स्पायर शिष्यवृत्ती: विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची. ज्यांना ही मिळते त्यांच्या वार्षिक ८०,००० रुपयांपैकी २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठीच असतात. मार्गदर्शकाच्या सहीचं प्रमाणपत्र आणि अहवाल द्यावा लागतो. आपल्याला असा प्रकल्प करायचा असतो, हेच पुष्कळ मुलांना माहीत नसतं.

चार वर्षांच्या पदवीतलं संशोधन: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त गुण असतील, तर चौथ्या वर्षी ‘ऑनर्स विथ रिसर्च’ निवडता येतं. तुम्ही आत्ता पहिल्या वर्षात असाल तर हा आकडा लक्षात ठेवा.

प्रोजेक्टवरची नोकरी आणि जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) हा वेगळा रस्ता आहे. तिथे जाहिरात निघते, मुलाखत होते, पगार ठरलेला असतो. नेट परीक्षेतून मिळणाऱ्या जेआरएफची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. पीएच.डी.साठी राज्य सरकारच्या बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्याही आहेत. हा लेख मात्र त्याच्या आधीच्या पायरीबद्दल आहे.

२. तारखा: उन्हाळ्याची तयारी पावसाळा संपताच सुरू होते

इथेच सगळ्यात जास्त मुलं मागे पडतात. एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर शोधाशोध सुरू केली, तर मोठ्या संस्थांतल्या जागा भरून गेलेल्या असतात.

तीन विज्ञान अकादम्यांची एकत्रित उन्हाळी फेलोशिप असते: बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी. तिचे अर्ज आदल्या वर्षीच्या हिवाळ्याच्या तोंडावर भरावे लागतात. म्हणजे पुढच्या मे महिन्यासाठी तुम्ही सप्टेंबरपासून त्यांच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवायचं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा (टीआयएफआर) व्हीएसआरपी हा विद्यार्थ्यांसाठीचा संशोधन कार्यक्रम, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचा सुट्टीतला विद्यार्थी कार्यक्रम, मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवीच्या मुलांसाठीचा एनआययूएस, प्रत्येकाची मुदत वेगळी. तारखा दरवर्षी थोड्या सरकतात, म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या पत्रकांवर विसंबू नका. केव्हीपीवाय ही शिष्यवृत्ती २०२२ मध्ये बंद होऊन इन्स्पायरमध्ये गेली, तरी तिच्या ‘अर्ज सुरू’ अशा पोस्ट अजून दिसतात.

फेलोशिपशिवाय थेट प्राध्यापकांना लिहिणार असाल, तर उन्हाळ्यासाठी डिसेंबर-जानेवारीत लिहा. एम.एस्सी. प्रकल्पासाठी किमान चार-पाच महिने आधी.

३. जागा निवडताना नावाच्या मागे धावू नका

सगळ्यांच्या यादीत तीच नावं असतात: पुण्यात पाषाणची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि आयसर (विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था), पुणे विद्यापीठाच्या आवारातलं एनसीसीएस (पेशीविज्ञान केंद्र), आघारकर संशोधन संस्था, मुंबईत टीआयएफआर आणि आयसीटी (रासायनिक तंत्रज्ञान संस्था), गोव्यात दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. उत्तम संस्था आहेत, प्रयत्न जरूर करा. पण आपल्या विद्यापीठांचे विभाग लोक उगाच विसरतात. पातळ थरांच्या पदार्थांवर काम करायचं असेल तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग अनेक वर्षं हेच काम करतोय. जळगावच्या विद्यापीठात जीवशास्त्राची चांगली प्रयोगशाळा आहे. घरापासून जवळ, राहण्याचा खर्च कमी, आणि गाइड स्वतः वेळ देण्याची शक्यता जास्त.

मोठ्या संस्थेत तुम्हाला रोज शिकवणार ते गाइड नव्हेत. ते काम एखादा पीएच.डी.चा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी करते. म्हणून होकार येण्याआधी किंवा आल्यावर एक प्रश्न जरूर विचारा: ‘मी रोजचं काम कोणाबरोबर करेन?’ त्या व्यक्तीशी फोनवर दहा मिनिटं बोला. थीसिस लिहायला बसलेल्या सिनिअरकडे तुम्हाला सोपवलं असेल, तर त्यांच्याकडे शिकवायला वेळ नसेल, आणि त्यात त्यांचाही दोष नाही.

निवडताना प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर जुन्या विद्यार्थ्यांची यादी पाहा. उन्हाळ्यात आलेल्या मुलांची नावं तिथे लिहिली असतील तर चांगलं लक्षण समजा. मागच्या वर्षी तिथे जाऊन आलेला कोणी सापडला तर विचारा: काम स्वतः करायला मिळालं की फक्त बघायला? सुट्टी मागता येत होती का? उपकरणं चालू होती का? शेवटचा प्रश्न साधा वाटेल, पण एक्सआरडी किंवा सेमसारखं (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) मोठं यंत्र बंद पडलं की दोन महिन्यांचा प्रकल्प तिथेच अडकतो.

४. मेल: अर्धं काम इथेच होतं

प्राध्यापकांना अशा मेल रोज येतात, आणि बहुतेक सगळ्या सारख्याच असतात. ‘मी मेहनती आणि जिद्दी विद्यार्थी आहे, आपल्या नामांकित संस्थेत काम करण्याची इच्छा आहे.’ यातून त्यांना तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. मेल इंग्रजीत जाईल, पण ती भरायची कशाने ते दाखवण्यासाठी आशय मराठीत देते:

> विषय: मे-जुलै प्रशिक्षणासाठी विनंती – एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र, पहिलं वर्ष
>
> आदरणीय मॅडम,
> मी नाशिक जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षात आहे. बी.एस्सी.च्या प्रकल्पात मी द्राक्षबागेच्या मातीतून ट्रायकोडर्मा वेगळा केला आणि ड्युअल कल्चर पद्धतीने तो फ्युजेरियमची वाढ रोखतो का ते पाहिलं. वाढ रोखलेली दिसली, पण ट्रायकोडर्मा ही बुरशी कोणता पदार्थ सोडते हे तपासायची सोय आमच्याकडे नव्हती. आपल्या गटाचं काम अशाच पदार्थांवर आहे. आपला अलीकडचा शोधनिबंध वाचताना एक प्रश्न पडला: द्रव माध्यमात मिळालेला परिणाम मातीतही तसाच मिळतो का?
> मला १५ मे ते १५ जुलै पूर्ण वेळ येता येईल. कॉलेजची परवानगी मिळेल. मला पिपेटिंग, माध्यम तयार करणं आणि शुद्ध कल्चर करणं येतं; क्रोमॅटोग्राफी येत नाही, ती शिकायची आहे. विद्यावेतनाची अपेक्षा नाही. बायोडेटा आणि गुणपत्रिका जोडल्या आहेत.

एवढंच. काय येतं, काय येत नाही, कधी येता येईल, आणि त्यांचं काम तुम्ही खरंच वाचलंय का, हे चारही मुद्दे यात आले. शोधनिबंध सगळा समजलाच पाहिजे असं नाही. सारांश, आकृत्या आणि शेवटची चर्चा एवढं नीट वाचलंत तरी एक खरा प्रश्न सापडतो. न वाचता चॅटबॉटकडून स्तुतीचे परिच्छेद लिहून घेऊ नका. ते लगेच ओळखू येतात, आणि मुलाखतीत त्याच निबंधावर प्रश्न येतो.

काही सापळे:

- पन्नास जणांना एकच मेल पाठवून सगळे पत्ते ‘टू’मध्ये ठेवणे. अशी मेल कोणी वाचत नाही.
- बाई प्राध्यापकांना ‘सर’ लिहिणे. पाठवण्याआधी त्यांचं पान उघडून पाहा.
- सात पानी बायोडेटा. दोन पानं पुरतात. छंद आणि वडिलांचा व्यवसाय लिहू नका.
- गुणपत्रिकांचे मोबाइलने काढलेले वेगवेगळे तिरपे फोटो. सगळ्या मिळून एक पीडीएफ करा आणि फाइलला स्वतःचं नाव द्या.

उत्तर आलं नाही तर दहा-बारा दिवसांनी त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण पाठवा. त्यानंतरही शांतता असेल तर पुढच्या प्रयोगशाळेकडे वळा. नकार किंवा शांतता याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच असतो की जागा नाही. एका प्रयोगशाळेत बाकं मोजकी असतात. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकांना एका वेळी पीएच.डी.चे आठ, सहयोगी प्राध्यापकांना सहा आणि सहायक प्राध्यापकांना चारच विद्यार्थी घेता येतात, आणि प्रशिक्षणार्थींना बसवायचं असतं ते त्यांच्यातच.

५. कागदपत्रांची फाइल

होकार आल्यावर धावपळ नको, म्हणून हे आधीच जमवून ठेवा:

- कॉलेजचं बोनाफाइड प्रमाणपत्र
- विभागप्रमुख किंवा प्राचार्यांचं ना-हरकत पत्र, त्यात तारखा स्पष्ट हव्यात
- दहावीपासूनच्या गुणपत्रिका, मूळ आणि साक्षांकित प्रती
- आधार कार्ड, पासपोर्ट आकाराचे फोटो
- बँक पासबुकच्या पहिल्या पानाची प्रत किंवा रद्द केलेला धनादेश, विद्यावेतन असेल तर
- शिफारसपत्र, शक्यतो ज्यांनी तुम्हाला प्रात्यक्षिक शिकवलं त्या शिक्षकांचं
- अपघात विम्याचा पुरावा, काही संस्था मागतात
- मानवी रक्त किंवा नमुन्यांवर काम असेल तर हिपॅटायटिस बी लसीकरणाची नोंद

शेवटच्या ओळीकडे लक्ष द्या. हिपॅटायटिस बीचे तीन डोस असतात: पहिला, एका महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. रुजू व्हायच्या आदल्या आठवड्यात हे आठवून उपयोग नाही. रुग्णालयाशी जोडलेल्या प्रयोगशाळेत जायचा विचार असेल तर लस आजच सुरू करा.

डीआरडीओ किंवा बीएआरसीसारख्या संरक्षण आणि अणुसंशोधनाच्या ठिकाणी पोलीस पडताळणी लागते आणि तिला वेळ जातो. ना-हरकत पत्रावर जावक क्रमांक आणि गोल शिक्का आहे ना, हे कॉलेजच्या ऑफिसातून निघण्याआधी तपासा. त्यावाचून पत्र परत येतं, आणि तुमचं कॉलेज लातूरला असेल तर एका शिक्क्यासाठी पुन्हा रात्रीची गाडी पकडावी लागते.

६. पैशांबद्दल स्पष्ट बोलू

फेलोशिप सोडली तर प्रशिक्षणार्थींना बहुतेक ठिकाणी काही मिळत नाही. उलट काही संस्था अधिकृत बेंच फी, म्हणजे प्रयोगशाळा वापरण्याचं शुल्क, घेतात. ती संस्थेच्या खात्यात भरायची असते, पावती मिळते आणि रक्कम नियमावलीत लिहिलेली असते. कोणी व्यक्तिशः रोख मागितली, किंवा कोणाच्या खासगी खात्यावर पाठवायला सांगितली, तर देऊ नका आणि कॉलेजला कळवा.

दुसरा सापळा खासगी ‘ट्रेनिंग सेंटर’चा. चार आठवड्यांत पीसीआर, ब्लॉटिंग, सेल कल्चर, सगळं शिकवतो म्हणतात, भरपूर फी घेतात, आणि वीस मुलांना एका यंत्राभोवती उभं करून दाखवतात. काही ठिकाणी तयार प्रकल्प अहवाल विकले जातात. ते घेऊ नका. तोंडी परीक्षेत तर पकडले जालच, पण त्याहून वाईट म्हणजे तुमच्या हाताला काहीच येणार नाही, आणि हीच वर्षं हात तयार होण्याची असतात.

वसतिगृह प्रशिक्षणार्थींना सहसा मिळत नाही. पाषाण, औंध, बाणेर भागात खोली शोधताना दोन महिन्यांसाठी देणारे मालक कमी भेटतात. उन्हाळ्यात गावी गेलेल्या विद्यार्थ्यांच्या जागा तात्पुरत्या मिळतात, त्यासाठी प्रयोगशाळेतल्या सिनिअर मंडळींनाच विचारा. त्यांना नेमकं माहीत असतं.

७. पहिला आठवडा: कशालाही हात लावण्याआधी

सुती कपडे, पूर्ण बंद बूट, बांधलेले केस, लांब बाह्यांचा ॲप्रन. चप्पल किंवा सँडल घालून येणाऱ्यांना मी परत पाठवते. आम्लाचा थेंब पायावर पडला की कारण सांगायची गरज उरत नाही.

पहिल्याच दिवशी चार जागा बघून घ्या: अग्निशामक, डोळे धुण्याचा नळ, प्रथमोपचार पेटी आणि बाहेर पडायचा दुसरा रस्ता. मग हे लक्षात ठेवा:

- आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही.
- लॅमिनार एअर फ्लो या गाळलेल्या हवेच्या कपाटातली हवा तुमच्या नमुन्याचं रक्षण करते, तुमचं नाही. ती तुमच्याच दिशेने येते. रोगजंतूंचं काम बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच.
- ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र, १२१ अंश आणि १५ पौंड दाबावर चालतो. बाटल्यांची झाकणं सैल ठेवा, बाटली दोन-तृतीयांशाच्या वर भरू नका, आणि काटा शून्यावर आल्याशिवाय झाकण उघडू नका. ब्लीच घातलेलं काहीही आत ठेवायचं नाही.
- सेंट्रिफ्यूजमध्ये समोरासमोरच्या नळ्या तोलून ठेवा. डोळ्यांनी पातळी सारखी दिसली म्हणून वजन सारखं असतंच असं नाही.
- द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांचा असतो आणि एका लिटरचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. त्याचं पिंप घेऊन लिफ्टमध्ये स्वतः चढायचं नाही. लिफ्ट बंद पडली तर आतला ऑक्सिजन कमी होतो.
- स्पिरिटमध्ये बुडवलेला स्प्रेडर ज्योतीवर धरताना स्पिरिटचं भांडं दूर ठेवा. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आगीचं हे नेहमीचं कारण आहे.
- डीएनए काढायच्या किटमध्ये ग्वानिडिनचे क्षार असतात. त्यावर ब्लीच ओतलं तर विषारी वायू तयार होतात.

कचऱ्याच्या पिशव्यांचे रंग २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार असतात. सुया आणि ब्लेड, सुई आरपार जाणार नाही अशा पांढऱ्या डब्यात, दूषित प्लास्टिक लाल पिशवीत, काच निळ्यात, रक्त लागलेला कापूस पिवळ्यात. चुकीच्या पिशवीतल्या सुईची इजा तुम्हाला होत नाही. पिशवी उचलणाऱ्या मावशींना होते.

काही सांडलं, फुटलं, टोचलं, तर लगेच सांगा. रागावतील या भीतीने लपवलेली गोष्ट नंतर दुसऱ्याच्या अंगाशी येते. आणि रात्री एकट्याने काम करायचं नाही. सिनिअर करतात ते पाहून तुम्ही करू नका.

८. हात बसवणे

पहिले काही दिवस तुम्हाला भांडी धुवायला, माध्यम करायला आणि बफर, म्हणजे सामू (पीएच) स्थिर ठेवणारी द्रावणं, बनवायला देतील. कंटाळू नका. पुढचे सगळे प्रयोग याच बफरवर उभे राहणार आहेत.

पिपेटचा सराव असा करा. शंभर मायक्रोलिटर शुद्ध पाणी घेऊन सूक्ष्म तराजूवर ठेवलेल्या नळीत सोडा. वजन ०.१ ग्रॅमच्या जवळ यायला हवं. असं दहा वेळा करून आकडे लिहा. आकडे एकमेकांजवळ असतील पण सगळेच कमी, तर बहुधा पिपेटची तपासणी बाकी आहे. आकडे इकडेतिकडे उडत असतील तर हाताला सवय नाही. पिपेट सरळ उभं धरा, पहिल्या थांब्यापर्यंत दाबून मगच टोक द्रवात बुडवा, आणि अंगठा हळू सोडा. टोकात द्रव असताना पिपेट आडवं ठेवू नका. मर्यादेपलीकडे चाक फिरवू नका. हे यंत्र महाग आहे आणि प्रयोगशाळेत ते दहा जण वापरतात.

बफरचंही तसंच. टीएई या बफरच्या ५०एक्स, म्हणजे पन्नासपट तीव्र साठ्यापासून एक लिटर १एक्स करायला २० मिलिलिटर साठा आणि ९८० मिलिलिटर पाणी, हे तोंडपाठ असू दे. ट्रिस या बफरचा सामू तापमानाबरोबर बदलतो, साधारण दर अंशाला ०.०३ ने, गार झाला की वाढतो. विरघळवताना गरम केलेल्या ट्रिसचा सामू लगेच मोजून लावला आणि मग तो फ्रिजमध्ये ठेवला, तर थंड खोलीतल्या तुमच्या प्रयोगात वेगळाच सामू असेल. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, सामू लावा, मगच पाणी घालून अंतिम आकारमान पूर्ण करा. बाटलीवर नाव, तारीख, तीव्रता आणि तुमची आद्याक्षरं. ‘बफर’ एवढंच लिहिलेली बाटली कोणीही वापरत नाही, ती शेवटी ओतून द्यावी लागते.

यंत्रं बुक करायची पद्धत असते, वही असेल किंवा ऑनलाइन तक्ता. बुक करून न येणं हा दुसऱ्याचा वेळ खाणं आहे. येणार नसाल तर आदल्या दिवशी नाव खोडा.

९. नोंदवही

माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला मी शिवलेली, पान क्रमांक असलेली वही देते. सुटी पानं चालत नाहीत. पेनने लिहायचं, खाडाखोड करायची तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता यायला हवं, पान फाडायचं नाही.

एका चांगल्या पानावर काय असावं, ते पाहा:

> १४ जून. ट्रायकोडर्मा टी-३, पीडीए (बटाटा-डेक्स्ट्रोज अगार) वर दुसरी पिढी.
> हेतू: ३० अंशांना वाढ २५ पेक्षा जलद होते का?
> माध्यम: पीडीए, ११ जूनची बॅच, १२१ अंश, १५ मिनिटं. तीन प्लेट प्रत्येकी.
> केलं: ५ मिमी डिस्क मध्यभागी. सकाळी १०.४० ला ठेवल्या.
> वेगळं झालं: ३० अंशांच्या इन्क्युबेटरचं दार दुपारी अर्धवट उघडं सापडलं, किती वेळ होतं माहीत नाही.
> उद्या: व्यास मोजणे, दोन दिशांनी.

‘वेगळं झालं’ ही ओळ सगळ्यात मोलाची. निकाल विचित्र आला की सिनिअर आधी तीच ओळ शोधतात. काही बिघडलं नसेल तर ‘वेगळं काही नाही’ असं लिहा, पण ओळ रिकामी ठेवू नका. जो निकाल अपेक्षेप्रमाणे आला नाही, तोही लिहायचा. आकडे गाळले किंवा ‘सरळ’ केले, तर विश्वास गेला, आणि तो दुसऱ्यांदा मिळत नाही.

जेलचे फोटो, यंत्राच्या फाइली यांची नावं तारखेने सुरू करा, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. म्हणजे त्या आपोआप क्रमाने लागतात. प्रत प्रयोगशाळेच्या संगणकावर ठेवा, फक्त स्वतःच्या पेनड्राइव्हवर नको.

वही आणि निकाल प्रयोगशाळेचे असतात. अप्रकाशित जेलचा फोटो व्हॉट्सॲप स्टेटसला किंवा लिंक्डइनवर टाकू नका. आनंद होतो हे मी समजू शकते, पण जेलवरच्या त्या पट्टीमागे कोणाचं तरी चार वर्षांचं काम असतं.

१०. माणसं

विद्यापीठांच्या विभागांत सर, मॅडम, सिनिअरला दादा-ताई चालतं. राष्ट्रीय संस्थांत देशभरातली मुलं असतात, तिथे सिनिअरला नावानेच हाक मारतात, आणि बोलणं इंग्रजी-हिंदीत होतं. मराठी माध्यमातून आलात तर पहिले दोन आठवडे जीभ अडखळेल. ग्रुप मीटिंगमध्ये साध्या वाक्यांत बोला. व्याकरण कोणी तपासत नाही, तुम्ही काय केलं ते ऐकतात.

प्रयोगशाळेचे मामा किंवा काका, म्हणजे जुने अटेंडंट, यांच्याशी नीट वागा. कुठला इन्क्युबेटर दोन अंश जास्त दाखवतो, डिस्टिलेशनचं पाणी कधी संपतं, हे त्यांनाच ठाऊक असतं.

प्रश्न विचारायची योग्य वेळ असते. सिनिअर नळ्या मोजत असेल तेव्हा थांबा. आधी वहीत लिहा, स्वतः शोधून पाहा, मग दोन-तीन प्रश्न एकत्र घेऊन जा. पण महागडं रसायन किंवा धोक्याचं काम असेल तर लगेच विचारा, कितीही वेळा.

शोधनिबंधावर नाव येईल का, यावरून उन्हाळी विद्यार्थी मनातल्या मनात कुढत राहतात. सुरुवातीच्या भेटीतच शांतपणे विचारा. दोन महिन्यांच्या कामाला बहुतेक वेळा आभारांत उल्लेख मिळतो. लेखक म्हणून नाव यायचं तर निकालात आणि विचारात तुमचा ठोस वाटा लागतो.

कोणी अपमानास्पद वागलं, स्पर्श केला, रात्री विनाकारण थांबवलं, तर गप्प बसू नका. प्रत्येक संस्थेत लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत तक्रार समिती असते आणि तिच्याकडे प्रशिक्षणार्थीही जाऊ शकतात. सदस्यांची नावं दर्शनी भागात लावलेली असतात. पहिल्याच आठवड्यात तो फलक पाहून ठेवा.

११. निघताना

शेवटचा आठवडा नवा प्रयोग सुरू करायला वापरू नका, आवरायला ठेवा. फ्रीजरमधल्या तुमच्या नळ्यांची यादी करा: कोणता डबा, कोणती ओळ, नळीत काय, कधी ठेवलं. ती यादी छापून वहीत चिकटवा आणि सिनिअरला मेल करा. ज्या नळ्या कोणाला नको आहेत त्या विचारून टाकून द्या. उणे ८० च्या फ्रीजरमध्ये जागा मिळवायला लोक अक्षरशः रांगेत असतात.

मूळ वही तिथेच ठेवायची. गाइडच्या परवानगीने तुमच्या कामाच्या पानांची प्रत घ्या, ती अहवालाला लागेल. अहवालाचा मसुदा निघण्यापूर्वी सिनिअरला दाखवा. घरी गेल्यावर तो मागे पडतो.

प्रमाणपत्रावर तारखा, प्रकल्पाचं नाव आणि तुमच्या नावाचं स्पेलिंग गुणपत्रिकेप्रमाणे आहे ना, हे टेबलावरून उठायच्या आत पाहा. ओळखपत्र, किल्ली, ग्रंथालयाची पुस्तकं परत करून ना-देय पत्र घ्या, नाहीतर काही संस्था प्रमाणपत्र अडवून ठेवतात.

पुढे कधी शिफारसपत्र हवं असेल तर मुदतीच्या किमान तीन आठवडे आधी कळवा. सोबत ताजा बायोडेटा, अर्जाची लिंक आणि तुम्ही तिथे नेमकं काय केलं होतं त्याच्या चार ओळी पाठवा. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात कोणी कोणता जिवाणू वाढवला होता, हे गाइडच्या लक्षात राहत नाही. तुमच्या चार ओळी समोर असतील तर पत्र नेमकं लिहिलं जातं.